निळ्यावर उतारा नारिंगी

सोमवारी वाल्पाराइसोच्या मासळी-धक्क्याला सुट्टी,
म्हणून आज तोंडाला जुंपलंय.

आधी भुवया मिटवायच्या.
यास्नाच्या पोराच्या दप्तरातली गोंदाची कांडी
उलट, मग सुलट, वर पावडर, पुन्हा कांडी.
"दमानं घे, एलिसेओ," ती म्हणते,
"खवले काढतोयस का?"
भुवया गेल्यावर आरशात उरतो एक इसम
ज्याला आजवर कशाचंच नवल वाटलेलं नाही.
त्याची सोय करायला हवी.

दाढीची निळसर सावली पावडरीला दाद देत नाही.
निळ्यावर उतारा नारिंगी:
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं,
शाळेत नकाशे होते, आणि गप्प बसायचं होतं.
हनुवटीभर नारिंगी फासून मी खिडकीत उभा.
खालची ट्रॉलीबस
एक सेकंद जास्तच थांबली, असं यास्नाचं मत.

आमच्या टेकडीची जुनी खोड आहे:
होडी रंगवून डब्याच्या तळाशी जे उरेल
ते घराच्या पत्र्याला.
म्हणून कुणाचं दार पोपटी, भिंत जांभळी,
आणि जिना अर्ध्यापर्यंत शेंदरी होऊन
पुढे कंटाळलेला.
मी त्याच टेकडीचा.
पापणीवर हळदी, हळदीवर मोरपंखी,
खोबणीत डाळिंबी, इतका गच्च
की बोटालाच विचारावं लागलं, बाबा रे, थांबतोस का.

उजवा डोळा जमला. उजवा म्हणजे मोर.
डावा त्या मोराचा मावसभाऊ,
लांबून बसने आलेला, वाटेत भिजलेला.
त्याला पाहून आम्ही इतके हसलो
की डावी भुवई गोंदातून सुटून उभी राहिली,
एकटीच, कोर्टातल्या साक्षीदारासारखी.

पुसलं. तेल, कापूस, पुन्हा.

दुसऱ्यांदा खेकडा.
गालांवर नांग्या, शेंदरी, काळ्या काठाच्या,
ओठ हद्दीबाहेर, राणी रंगाचे, दुसरे कुठले असणार,
आणि खोट्या पापण्या तीन मजली:
डोळा उघडायचा म्हणजे गाळ्याचं शटर वर घ्यायचं.
यास्नाने बारसं केलं. ला हाइबा. खेकडीण.
खेकडीण आडवी चालत
पलंगापासून न्हाणीपर्यंत गेली,
चौकटीला पापणी अडकली,
आडवीच परत आली.

जायचं कुठेच नव्हतं, हे सांगायचं राहिलं.
ना स्टेज, ना पाहुणे. एक बल्ब,
आणि तोही मधूनमधून मत बदलणारा.

मग वडील किटली न्यायला आले.
चाळीस वर्षं होड्या रंगवलेला माणूस.
दारातच थबकले.
आम्ही दोघं श्वास धरून, चमकीसकट.
बराच वेळ माझा डावा गाल पाहिला.
म्हणाले, "पहिला हात वाळू दिला नाहीस."
किटली उचलली. गेले.
ते नेमकं काय होतं,
यावर मी आणि यास्ना अजून भांडतो.

तिसऱ्यांदा पहिला हात वाळू दिला.

मंगळवारी पहाटे पाचला, बर्फाच्या पेटीपाशी
मी साबणाने लालबुंद, अगदी सोज्वळ.
सोज्वळ म्हणजे मानेपर्यंत. चमकी जात नाही.
ती कोपरात असते, कानामागे, सुरीच्या मुठीवर.
दोन्या एर्मिंदा आली, दर मंगळवारचे चार जुरेल.
ढिगात बोट घातलं.
"तो दे. मोरपंखी चकाकतोय तो."
"जुरेल सगळेच चकाकतात, दोन्या."
"हा जास्त."
मी वजन केलं. शंभर पेसो वर सांगितले,
चमकीचे.
तिने पाकीट उघडलं, मिटलं,
माझ्या कानामागे वाकून नीट पाहिलं.
"पन्नास," ती म्हणाली.